अंदाजाला माप देणारे काम

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षांपूर्वी शाळेत ‘मोठेपणी कोण होणार?’ असा प्रश्न विचारला, की उत्तरे जवळजवळ ठरलेली असत. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, बँकेतील अधिकारी, सैन्यातील जवान. आज त्याच वर्गांत एखादी मुलगी किंवा मुलगा उभा राहतो आणि निःसंकोचपणे सांगतो, की त्याला खाद्यपदार्थांचे चॅनल चालवायचे आहे. हे उत्तर घरी पोहोचले, की त्याचे स्वागत बहुधा दोन प्रकारांनी होते. काही घरांत ते हसण्यावारी नेले जाते, कारण ‘स्वयंपाक करून दाखवणे हा काय व्यवसाय झाला?’ दुसऱ्या काही घरांत डोळे दिपतात, कारण कोणा एकाच्या चॅनलला लाखो प्रेक्षक आहेत आणि पैसाही भरपूर मिळतो, असे कानावर आलेले असते.

या दोन्ही प्रतिक्रियांचे मूळ एकच आहे. पाहणाऱ्याला पडद्यावरची आठ मिनिटे दिसतात. त्या आठ मिनिटांमागचा आठवडा दिसत नाही. त्या आठवड्याची आणि त्या वाटेवरच्या नफ्यातोट्याची ओळख करून देणे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे. ‘फूड कंटेंट क्रिएटर’ या इंग्रजी नावाला मराठीत अजून सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही. त्यामुळे व्यवहारातला ‘क्रिएटर’ हाच शब्द येथे वापरला आहे.

नाव नवे असले तरी काम नवे नाही. पदार्थ करणाऱ्याच्या हातातले ज्ञान जो पदार्थ कधी केला नाही त्याच्यापर्यंत पोहोचवणे, हे या कामाचे सार आहे आणि त्याची परंपरा आपल्या देशात मोठी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनातील पदार्थांचे तपशीलवार वर्णन आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या मुदपाकखान्यातील पदार्थांची नोंद ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने जतन झालेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ मराठी घरांत पोहोचले. पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि नव्याने संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींच्या सामानात ते पुस्तक असे.

‘रुचिरा’चे यश नेमके कशात होते, हे क्रिएटर होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला ‘मीठ किती घालायचे?’ असे विचारले, तर उत्तर मिळे, ‘अंदाजाने.’ तो अंदाज तिच्यापुरता अचूक असे, कारण त्यामागे चाळीस वर्षांचा सराव असे. पण ज्या मुलीला आई किंवा सासू जवळ नाही, नवऱ्याच्या नोकरीमुळे जी जबलपूरला किंवा जमशेदपूरला एकटी आहे, तिला त्या अंदाजाचा काहीही उपयोग नव्हता. कमलाबाईंनी तो अंदाज वाटी आणि चमचा यांच्या मापात बसवला. घरोघरी असलेल्या भांड्यांनाच त्यांनी मोजमापाचे साधन केले. ज्ञान घराच्या उंबरठ्याबाहेर पडले ते या मापामुळे.

तरला दलाल यांचे शाकाहारी पाककृतींचे पहिले इंग्रजी पुस्तक १९७४ मध्ये आले. संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ हा कार्यक्रम १९९३ मध्ये झी वाहिनीवर सुरू झाला आणि पुस्तकात वाचायची कृती प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येऊ लागली. या दोघांनाही पुढे पद्मश्रीने गौरवण्यात आले. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले. आता प्रकाशकाच्या किंवा वाहिनीच्या दारात उभे न राहताही कोणालाही आपली कृती जगासमोर मांडता येऊ लागली. २०१६ पासून आपल्याकडे मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि प्रेक्षक खेड्यापाड्यांतून येऊ लागले.

या नव्या दारातून कोण आत आले, ते पाहण्याजोगे आहे. निशा मधुलिका यांनी २००७ मध्ये हिंदीतून पाककृती लिहायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागल्यावर हाताशी आलेला वेळ त्यांनी या कामाला दिला. घरातल्या साध्या ओट्यापाशी, साध्या हिंदीत, एकही पायरी न गाळता त्या शाकाहारी पदार्थ सांगत राहिल्या आणि त्यांच्या प्रेक्षकांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. आंध्र प्रदेशातील मस्तानम्मा शंभरी ओलांडलेल्या आहेत असे मानले जात असे. घरातल्या तरुणाने २०१६ मध्ये त्यांचा रानातल्या चुलीवरचा स्वयंपाक चित्रित करायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत जगभरच्या प्रेक्षकांनी तो पाहिला. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात एका शेतकरी कुटुंबातील भावंडांनी आपले आजोबा पेरियतंबी यांना बरोबर घेऊन शेताच्या बांधावर मोठमोठ्या कढयांत स्वयंपाक मांडला. २०२१ मध्ये त्यांच्या ‘व्हिलेज कुकिंग चॅनल’ने एक कोटी सदस्यांचा टप्पा गाठला. ओडिशाच्या संबलपूर जिल्ह्यातील मजूर इसाक मुंडा यांचे काम २०२० च्या टाळेबंदीत बंद पडले. त्यांनी तीन हजार रुपये कर्ज काढून मोबाइल घेतला आणि आपले भात-डाळीचे साधे जेवण चित्रित केले. आदिवासी घरातले रोजचे ताट पाहायला लोक जमा झाले आणि त्यातून त्यांना पक्के घर बांधता आले.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्रिएटर पुरस्कार प्रथमच दिले. त्यांत खाद्य या विभागासाठी स्वतंत्र पुरस्कार होता आणि तो कबिता सिंग यांना मिळाला. म्हणजे या कामाची दखल आता शासनदरबारीही घेतली जाते.

या सगळ्यांत समान काय आहे? रूप, तारुण्य, महागडे स्वयंपाकघर किंवा इंग्रजी भाषा यांपैकी एकही गोष्ट नाही. प्रत्येकाने आपल्याला खरोखर येणारी गोष्ट आपल्या भाषेत दाखवली. मात्र ही नावे अपवादांची आहेत, हे पालकांनी विसरता कामा नये. क्रिकेटच्या मैदानावर खेळणाऱ्या सगळ्यांना भारताची टोपी मिळत नाही, तसेच हेही आहे. म्हणून अपवादांकडून प्रेरणा घ्यावी आणि हिशेब सामान्य चॅनलचा करावा.

त्या सामान्य चॅनलचा आठवडा कसा असतो? उदाहरणादाखल दिवाळीच्या चकलीची एक चित्रफीत घेऊ. क्रिएटरचे पंचांग बाकीच्या घरांपेक्षा महिनाभर पुढे चालते. लोक चकलीची कृती शोधू लागतात ते दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी. तेव्हा ती चित्रफीत तयार असायला हवी, म्हणजे ती करायला घ्यायची गणपतीच्या दिवसांत. आषाढीचे उपवासाचे पदार्थ ज्येष्ठात, आणि कैरीचे लोणचे बाजारात पहिली कैरी दिसताच.

सोमवारी भाजणी होते. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, धणे आणि जिरे यांतला प्रत्येक जिन्नस वजन करून घ्यायचा, वेगवेगळा भाजायचा आणि लागलेला वेळ लिहून ठेवायचा. मंगळवार चाचणीचा. पिठात मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी झाले तर कडक होते. तेल फार तापले तर ती बाहेरून लाल होते आणि आत मऊ राहते. घरच्या माणसासाठी हा पदार्थ एकदा बिघडला तर बिघडला. क्रिएटरला तो मुद्दाम बिघडवून पाहावा लागतो. कारण पाहणाऱ्याची चकली कुठे बिघडेल, ते आधी ठाऊक असल्याशिवाय सावध करता येत नाही. येथेच वाटीचा प्रश्न येतो. प्रत्येक घरातली वाटी निराळी. तीच वाटी चाळलेल्या पिठाने भरली तर वजन कमी येते, दाबून भरली तर बरेच जास्त. म्हणून जबाबदार क्रिएटर वाटीचे माप सांगताना मिलिलिटर आणि ग्रॅमही देतो. शाळेच्या प्रयोगवहीत ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ असे जे रकाने असतात, तेच रकाने या वहीतही असतात.

बुधवारी चित्रीकरण. एक कॅमेरा वरून, एक बाजूने. उजेड खिडकीचा असेल तर तो ठरावीक तासच मिळतो, त्यामुळे सकाळचे घड्याळ सांभाळावे लागते. आवाज टिपायचा असल्याने पंखा बंद आणि धूर ओढणारा पंखाही बंद. तापलेल्या तेलापुढे तीन-चार तास त्याच उकाड्यात काढायचे. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की थांबायचे. वाफेने भिंग धूसर झाले की पुसायचे. तेलात गेलेली चकली परत सोऱ्यात घालता येत नाही, त्यामुळे प्रत्येक जिन्नस दुप्पट तयार ठेवायचा. चित्रीकरण संपले तरी ढीगभर भांडी आणि तेलाने माखलेला ओटा शिल्लक असतो. ज्याच्याकडे मदतनीस नाही त्याचा त्या दिवसाचा शेवट तेथेच होतो.

गुरुवार आणि शुक्रवार संपादनाचे. पाच तासांच्या चित्रणातून आठ मिनिटे निवडायची. काय गाळायचे हे ठरवणे यातले अवघड काम आहे. पीठ मळण्याचा वेळ कापता येतो, पण पीठ किती घट्ट असावे हे दाखवणारे चार सेकंद कापले तर पाहणारीची चकली तुटते. निवेदन पुष्कळदा रात्री, रस्ता शांत झाल्यावर, कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळ बसून ध्वनिमुद्रित केले जाते, कारण कापडाने आवाजाचा घुमारा कमी होतो. मग शीर्षक. लोक शोधताना ‘चकली’ एवढेच लिहीत नाहीत. ‘चकली मऊ पडू नये म्हणून काय करावे’ असे लिहितात. पाहणारीची अडचण ओळखून शीर्षक देणे हे निबंधाला शीर्षक देण्याइतकेच विचाराचे काम आहे. त्यानंतर मुखचित्र, लिखित कृती आणि उपशीर्षके.

शनिवारी चित्रफीत प्रसिद्ध होते आणि प्रश्नांचा ओघ सुरू होतो. ‘भाजणी नसेल तर तांदळाचे पीठ चालेल का?’ ‘लोणी घातले तर?’ ‘माझ्या चकल्या विरघळल्या, काय चुकले?’ या प्रश्नांना दिलेली उत्तरे म्हणजेच चॅनलचा पाया. रविवारी हिशेब, पुढच्या आठवड्याची यादी आणि बाजार. हा आठवडा वर्षातून पन्नास वेळा येतो, आणि पहिली दोन-तीन वर्षे तो बहुधा बिनपगारी असतो.

आता पैशांचे गणित. पालकांनी हे मुलांबरोबर कागदावर मांडावे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद लागते. छोट्या चित्रफितींसाठी वेगळी अट आहे. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रत्येक प्रेक्षकाने सरासरी चार मिनिटे पाहिले असे धरले, तर वर्षभरात ६०,००० वेळा चित्रफिती पाहिल्या जायला हव्यात. ही केवळ दाराशी पोहोचण्याची अट. त्यानंतर मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा क्रिएटरला मिळतो. जाहिरातींचे दर सणासुदीच्या महिन्यांत चढतात आणि नव्या वर्षाच्या आरंभी उतरतात. म्हणजे मेहनत तीच राहिली तरी जानेवारीची मिळकत ऑक्टोबरपेक्षा कमी असू शकते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हे चक्र समजावून सांगावे लागणार नाही.

शेतीची उपमा आणखी एका अर्थाने लागू पडते. क्रिएटर कसतो ती जमीन त्याची नसते. चित्रफीत कोणाला दाखवायची हे कंपनीची गणकप्रणाली ठरवते आणि तिचे नियम बदलत राहतात. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षेशी निगडित होती. परंतु ज्यांचा सगळा प्रेक्षकवर्ग त्या एकाच ठिकाणी होता, त्यांनी उभे केलेले काम एका रात्रीत दिसेनासे झाले. म्हणून या क्षेत्रात टिकलेली माणसे एकाच फांदीवर बसत नाहीत. काही जण पुस्तक लिहितात, काही वर्ग घेतात, काही उपाहारगृहांना सल्ला देतात, काही मसाले आणि पिठे विकतात. विक्री करायची तर भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो, हेही लक्षात ठेवावे.

उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातदारांच्या थेट सहकार्यातून येतो, आणि खरी परीक्षा येथे होते. एखाद्या कंपनीने तेलाचा डबा, मिक्सर किंवा रोख रक्कम द्यावी आणि क्रिएटरने त्या वस्तूची शिफारस करावी, असा हा व्यवहार असतो. त्यात मुळात गैर काही नाही. मात्र शिफारशीच्या मोबदल्यात काही मिळाले असेल तर ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल अशा रीतीने सांगणे बंधनकारक आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने दिलेली वस्तू क्रिएटरने स्वतःकडे ठेवली तर तीही मिळकत धरली जाते. वर्षभरात अशा लाभांचे मूल्य २०,००० रुपयांच्या वर गेले, तर १० टक्के करकपातीचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. ‘फुकट मिळाले’ म्हणून आनंदणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना हे कोणीतरी सांगायला हवे.

कायद्याहून मोठी जबाबदारी पदार्थाची. लोक जे पाहतात ते शिजवतात, आणि जे शिजवतात ते घरातल्या लहानमोठ्यांच्या पोटात जाते. राजमा नीट उकळला नाही तर त्यातल्या विषारी घटकामुळे उलट्या होऊ शकतात. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून त्याला बोट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. ‘बाळासाठी पौष्टिक खाऊ’ अशा शीर्षकाखाली मधाचे चाटण दाखवणारा क्रिएटर आठ मिनिटांत किती घरांत चूक पोहोचवतो, याचा विचार केला, की या कामाला ‘नुसता स्वयंपाक’ म्हणता येत नाही. अमुक काढ्याने मधुमेह बरा होतो, तमुक रसाने वजन उतरते, असे दावे लोकप्रिय होतात, कारण लोकांना ते खरे असावेत असे वाटते. अशा वेळी ‘हे मला ठाऊक नाही’ किंवा ‘यासाठी डॉक्टरांना विचारा’ असे म्हणणारा क्रिएटर आज थोडे प्रेक्षक गमावतो. पण दहा वर्षांनीही लोक त्याच्याच कृतीने दिवाळी करतात.

या व्यवसायाची किंमतही सांगितली पाहिजे. घर हेच कामाचे ठिकाण झाले, की काम संपल्याची घंटा होत नाही. आकडे रोज डोळ्यांपुढे असतात आणि आजचा आकडा कालच्याहून कमी दिसला, की मन खचते. अनोळखी माणसे पदार्थावर बोलता बोलता रूपावर, उच्चारांवर, जातीवर, ताटातल्या मांसावर किंवा त्याच्या अभावावर बोलू लागतात. घरातली लहान मुले आणि वृद्ध नकळत चित्रफितीत येऊ लागतात. त्यांची संमती कोणी विचारली का, हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. आणखी एक गोष्ट. कित्येक चॅनलवर चेहरा एकाचा असतो, पण भाजणी भाजणारे, भांडी घासणारे हात आईचे, बायकोचे किंवा कामाला येणाऱ्या बाईंचे असतात. मिळकत आली तर त्या हातांचा वाटाही हिशेबात धरायला हवा. स्वयंपाकघरातल्या श्रमांना पैशांत मोल नाही, हीच आपल्या समाजाची जुनी खोड. या नव्या व्यवसायाने ती मोडायला मदत केली, तर त्याचे मोठे उपकार होतील. तीच खोड त्याने नव्या रूपात चालू ठेवली, तर काहीच बदलले नाही असे म्हणावे लागेल.

मग अशी इच्छा धरणाऱ्या मुलाला काय सांगावे? पहिले, शिक्षण सोडू नये. या कामात उपयोगी पडणार नाही असा शाळेतला विषय शोधूनही सापडणे कठीण. प्रमाण आणि शेकडेवारी गणितातून, पाक एकतारी का दोनतारी हे रसायनशास्त्रातून, ज्वारी कुठे आणि भात कुठे हे भूगोलातून, मिरची आणि बटाटा पोर्तुगिजांबरोबर आले हे इतिहासातून. आणि भाषा तर प्रत्येक वाक्यात. ‘परतणे’, ‘भाजणे’, ‘तळणे’, ‘उकडणे’, ‘वाफवणे’, ‘शिजवणे’ या शब्दांतला फरक ज्याला माहीत आहे, त्याच्या प्रेक्षकाचा पदार्थ बिघडत नाही. बारावीनंतर राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून हॉटेल व्यवस्थापनाच्या शासकीय संस्थांचा मार्ग आहे. गृहविज्ञान, आहारशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, जनसंवाद, छायाचित्रण असेही मार्ग आहेत. चॅनल चालले तर ही विद्या त्याला खोली देईल. न चालले तरी हातात व्यवसाय राहील.

दुसरे, पालकांनी परवानगी आणि मनाई यांच्या मध्ये एक परीक्षा ठेवावी. मुलाला कॅमेरा घेऊन देण्याआधी एक वही द्यावी. घरातल्या किंवा नात्यातल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीचे दहा पदार्थ त्याने शेजारी बसून शिकावेत, तिच्या प्रत्येक मुठीचे आणि चिमटीचे वजन करून लिहावेत. मग ती वही अशा घरी द्यावी, जेथे तो पदार्थ कधी झालेला नाही. त्या घरच्या माणसाला केवळ वही वाचून पदार्थ जमला, तर मूल या कामास योग्य आहे. न जमला तर कोठे चुकले हे शोधून पुन्हा लिहावे. या परीक्षेत जो रमेल तो या व्यवसायातही रमेल. ज्याला दुसऱ्या पदार्थाला कंटाळा आला, त्याला पडद्यावर दिसण्याची हौस आहे, कामाची नाही, हे एक रुपयाही खर्च न होता कळेल.

या परीक्षेचा आणखी एक लाभ आहे आणि तो चॅनल निघो वा न निघो, मिळणारच आहे. शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज स्वतः आजी-आजोबा आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी असे पदार्थ आहेत, ज्यांची कृती कोठेही लिहिलेली नाही. पानगी, खापरोळी, सांदण, कडबोळी, येसर, सांडग्यांची आमटी. जी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी दुसऱ्या प्रांतांत गेली, त्यांच्या स्वयंपाकात तर तेथल्या डाळी, तेथले तेल आणि तेथल्या भाज्या मिसळून तयार झालेल्या अशा चवी आहेत, ज्या ना त्या प्रांताच्या पुस्तकांत सापडतील, ना मराठी पुस्तकांत. हे ज्ञान हातात आहे, आणि हातांना वय असते. एखादी नात वजनकाटा घेऊन आजीच्या शेजारी बसली आणि ‘अंदाजाने म्हणजे किती ग्रॅम, आजी?’ असे विचारू लागली, तर तिने कोणताही व्यवसाय निवडला तरी घराचे काही वाचेल.

तेव्हा पुढच्या वेळी घरातले मूल ‘मला फूड क्रिएटर व्हायचे आहे’ असे म्हणाले, की हसू नये आणि दिपूनही जाऊ नये. त्याला विचारावे, ‘तुला कोणता पदार्थ येतो, आणि तो तू दुसऱ्याला शिकवू शकतोस का?’ उत्तराला वेळ लागला तरी चालेल. वही कोरी असेल तर ती भरायला सुरुवात करण्यासाठी येती दिवाळीची सुट्टी पुरेशी आहे.